धूप अर्पावा, निखारा विझवावा



आगमनकाळ तोंडावर आला आहे. कळंबच्या परिसरात कापसाची वेचणी चालू आहे. वेचून आणलेला कापूस भाव चढेपर्यंत पुष्कळ घरांत एखाद्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवलेला असतो. लवकरच घरोघरी नाताळचा गोठाही उभा राहील. त्यात सुके गवत येईल, कुटार येईल, बर्फ म्हणून कापूस पसरला जाईल, वर कागदी तारा लटकेल. त्याच गोठ्यापुढे संध्याकाळच्या जपमाळेला आपण उदबत्ती लावू. कुणी धुपाटण्यात निखारे घेऊन त्यांवर ऊद टाकील. भक्ती आणि आग अशी एका हाताच्या अंतरावर येतात. म्हणून या रविवारी आम्ही धूपाविषयी आपल्याशी चार शब्द बोलू इच्छितो.

धूप आपल्याला परका नाही. चिंतामणीच्या या गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागते, मुसलमान बांधवांच्या घरी लोबान जळतो. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांनी बाळ येशूपुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवला (मत्तय २:११). तो ऊद ज्या जातीच्या झाडाचा, त्याच जातीतला सालई वृक्ष आपल्या विदर्भाच्या जंगलांत उभा आहे आणि त्याचा डिंक धूप म्हणून जाळला जातो. बेथलेहेमात पोहोचलेल्या त्या सुगंधाचे नाते असे आपल्या रानाशीही आहे.

पवित्र शास्त्रात धूपाला मोठा मान आहे. अहरोनाने रोज सकाळी दिवे नीट करताना आणि संध्याकाळी ते लावताना वेदीवर सुगंधी धूप जाळावा, अशी देवाची आज्ञा होती (निर्गम ३०). जखऱ्या याजक मंदिरात धूप जाळत असतानाच देवदूताने त्याला योहानाच्या जन्माची वार्ता दिली (लूक १). स्तोत्रकर्ता आपली प्रार्थना धूपासारखी देवापुढे जावी असे मागतो (स्तोत्र १४१), आणि प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात पवित्र जनांच्या प्रार्थनांबरोबर धूपाचा धूर देवासमोर वर चढतो. धूर वर जातो आणि मनही वर जाते, हा त्याचा अर्थ.

परंतु बंधुभगिनींनो, धूर वर जातो तेव्हा निखारा मात्र खालीच राहतो. त्याच्याकडे कोण पाहतो? आपण प्रार्थना संपवतो, क्रूसाची खूण करतो आणि जेवायला उठतो. वास विरला म्हणजे धूप संपला असे आपल्याला वाटते. राखेखाली विस्तव मात्र कित्येक तास जिवंत राहू शकतो.

लेवीय ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एक साधी गोष्ट सांगितली आहे. होमबली रात्रभर वेदीवर जळल्यावर सकाळी याजकाने तागाची वस्त्रे घालून राख काढावी आणि वेदीच्या बाजूला ठेवावी. मग वस्त्रे बदलून ती राख छावणीबाहेर स्वच्छ जागी न्यावी. हे काम कुणा नोकरावर सोपवलेले नाही. जो अर्पण करतो, त्यानेच राख उचलायची आहे. यातून आम्हांला एवढेच सांगायचे आहे: आग नीट विझवणे हाही अर्पणाचाच भाग आहे. निखारा विझला नाही, तोवर आपली उपासना पुरी झाली नाही.

चर्चमध्ये ही काळजी आपोआप घेतली जाते. धूपपात्र धातूचे असते, त्याला झाकण असते, साखळ्यांमुळे ते अंगापासून दूर राहते आणि ते सांभाळायला सेवक नेमलेला असतो. स्पेनमधील सान्तियागोच्या कॅथेड्रलात सुमारे ५३ किलो वजनाचे धूपपात्र दोराने छतापासून झुलवतात. ते सांभाळायला आठ माणसे लागतात. तरीही १४९९ साली ते निसटून खिडकीबाहेर उडाले, असे तेथील इतिहासात सांगितले जाते. जिथे आठ माणसे दोर धरून उभी असतात तिथे असे होऊ शकते. मग आपल्या घरात तर उदबत्ती लावून सगळे दुसऱ्या खोलीत टीव्हीपुढे जाऊन बसतात!

म्हणून घरी काही नियम पाळू या. उदबत्ती भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत किंवा फळात खोचू नये. तिला पितळी किंवा मातीचे घर असावे आणि ते वाळू घातलेल्या तबकात ठेवावे. तबक एवढे मोठे असावे की राख त्यातच पडेल. पडदा, कॅलेंडर, प्लास्टिकची फुले, गोठ्यातले गवत यांपासून ती चांगली दूर असावी. लाकडी फळीच्या खाली नसावी. गॅसच्या सिलिंडरजवळ तर मुळीच नसावी. निखाऱ्याच्या धुपाटण्यात तळाशी वाळूचा थर घालावा, ते विटेवर ठेवावे आणि कोळसा चिमट्यानेच उचलावा. ऊद टाकताना पदर व ओढणी खोचून घ्यावी. मुलांना धूप दाखवायची हौस असते. त्यांना जवळ घ्यावे, पण मोठ्या माणसाचा हात सोबत असावा.

विझवताना घाई नको. उदबत्तीला फुंकर मारली तर ठिणगी उडते. तिचे पेटते टोक वाळूत दाबावे किंवा पाण्यात बुडवावे. धुपाटणे अंगणात न्यावे. निखाऱ्यांवर एकदम पाणी ओतू नये, वाफ आणि राख उसळून तोंडावर येते. आधी वाळू टाकावी, मग थोडे थोडे पाणी शिंपडावे, काडीने ढवळावे आणि पुन्हा पाणी घालावे. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रात्रभर घराबाहेर राहू द्यावी. प्लास्टिकच्या बादलीत, उकिरड्यावर, कुटाराच्या किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ ती टाकू नये. मिस्साला निघताना किंवा झोपताना घरात पेटता धूप ठेवू नये.

ज्या घरात कापूस भरलेला आहे, तिथे त्या खोलीत विस्तव नेऊच नये. भिंतीवर प्रभूची तसबीर त्याच खोलीत असेल, तर तेवढे महिने ती दुसरीकडे लावावी. कापसाला लागलेली ठिणगी कधी वरच्या तंतूंवरून झरझर पसरते, तर कधी ज्वाळा न दिसता ढिगाच्या आत पोखरत जाते. वरून पाणी मारले तरी ती आत जिवंत राहू शकते. म्हणून आग विझली असे वाटले तरी कापूस उघड्यावर काढून, उलटून पाहावा लागतो. त्या एका खोलीत घरच्यांचे वर्षभराचे कष्ट असतात, बियाण्या-खताची उधारी असते, मुलांची फी असते. काही क्षणांच्या दुर्लक्षाने ते सारे जाऊ नये. आग भडकलीच, तर सामान वाचवण्याआधी माणसे बाहेर काढावीत आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. कुणी भाजले तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, तूप, टूथपेस्ट लावू नये. मग दवाखान्यात न्यावे.

धुराचाही विचार करावा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यानुसार एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण बाहेर पडतात. सिगरेटमधून हेच प्रमाण सुमारे १० मिलिग्रॅम आहे. कोळशाचा विस्तव बंद खोलीत ठेवला तर विषारी वायू साचून झोपेतच जीव जाऊ शकतो. घरात दम्याचा रोगी, तान्हे बाळ किंवा वृद्ध आजी-आजोबा असतील तर खिडकी उघडी ठेवावी, एकच उदबत्ती लावावी किंवा लावूही नये. देव धुराच्या लोटावर प्रार्थना मोजत नाही. आजारी माणसाला श्वास घेता यावा म्हणून न लावलेली उदबत्तीही त्याला सुगंधी अर्पण वाटेल, अशी आमची श्रद्धा आहे.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा, असे प्रभूने सांगितले. आपल्या वस्तीत घराला घर लागून आहे, एकाची भिंत ती दुसऱ्याची भिंत आहे. आपल्या घरची आग शेजाऱ्याचा धर्म विचारत नाही, त्याचे छप्पर गाठते. म्हणून राखेत शेवटचा थेंब ओतणारा हात शेजाऱ्याचेही घर राखत असतो.

या आगमनकाळात प्रत्येक कुटुंबाने एक रीत घालून घ्यावी. प्रार्थनेनंतर घरातल्या एकाने निखारा विझल्याची खात्री करावी आणि मगच सर्वांनी मिळून शेवटची क्रूसाची खूण करावी. बेथलेहेमच्या गोठ्यात आलेला बाळ येशू आपल्या प्रत्येक घरात सुखरूप येवो, आणि आपली घरे, आपली लेकरे व आपल्या कष्टांचे पीक त्याच्या छायेत सुरक्षित राहो.

आमेन.