ठरलेली कुस्ती आणि खरे पडणे

दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात आम्ही आठव्या आज्ञेविषयी बोलत होतो. खोटी साक्ष, अर्धसत्य, थट्टेतले खोटे असे एकेक प्रकार सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. "फादर, डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत कोण जिंकणार ते आधीच ठरलेले असते. मग ते पैलवान खोटे बोलतात का? आणि आम्ही पाहतो, त्याचे काय?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि वेळ संपल्याची सबब पुढे करून प्रश्न टाळला. त्या रात्री मात्र आम्हांला आमच्या वडिलांची आठवण झाली आणि झोप लागेना.

वडील वसईचे बागायतदार. तरुणपणी त्यांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांची फ्रीस्टाईल कुस्ती पाहिली होती. रोझरी आटोपून जेवणे होईपर्यंतच्या वेळात ते ती गोष्ट सांगत. तो अवाढव्य किंगकाँग कसा गुरगुरला, दारासिंगांनी त्याला कसे उचलले, मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर कसे चढले, हे सगळे हातवाऱ्यांसह. पुढे आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आलो होतो. चार पाहुणे बसलेले होते. वडिलांनी गोष्ट सुरू केली आणि आम्ही मध्येच म्हणालो, "बाबा, ते सगळे नाटक असते. आधी ठरवून करतात." आमच्याजवळ पुरावा कसलाच नव्हता, नव्या विद्येचा ताठा तेवढा होता. वडील गप्प झाले. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. हे पाप आम्ही पापनिवेदनात कधी सांगितले नाही, कारण ते पाप आहे असे आम्हांला तेव्हा वाटलेच नव्हते.

मराठी माणसाच्या मनात कुस्ती म्हटली की निकाली कुस्ती. शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानावर दोन मल्लांनी आधी संगनमत करून डाव टाकले असे कळले, तर प्रेक्षक ते सहन करणार नाहीत, आणि करूही नये. तिथे पाहणाऱ्याला न उच्चारलेले एक वचन दिलेले असते की, शेवट कोणालाच ठाऊक नाही. २००० साली क्रिकेटमधील निकालनिश्चितीचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा लोकांना जो संताप आला तो याच वचनभंगाचा. नाटकगृहात मात्र असे वचन कोणी देत नाही. तिथे शेवट ठरलेला असतो, हे नट जाणतो आणि प्रेक्षकही जाणतो. म्हणून नुसते 'ठरलेले' असणे हा दोष नव्हे. आपण काय सांगून लोकांना आत बोलावले, यावर सारे अवलंबून आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'आत्मसंवादा'त रोमचा प्रसिद्ध नट रोस्कियुस याचे उदाहरण घेतले आहे. रंगमंचावर तो हेक्युबा राणी होत असे. ती हेक्युबा खोटी. परंतु ती खोटी हेक्युबा साकारल्यावाचून तो खरा नट झाला नसता. म्हणजे काही गोष्टींना आपल्या परीने खरे होण्यासाठी एका बाजूने खोटे असावेच लागते. नाटकांच्या मोहाबद्दल स्वतःला कठोरपणे दोष देणाऱ्या ऑगस्टीनांनीच हे लिहिले, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते.

पण मग अमेरिकेतील या धंद्याने प्रेक्षकांना काय सांगून आत बोलावले? येथे इतिहास फारसा गौरवास्पद नाही. कित्येक दशके तिथल्या पैलवानांनी हे सारे खरे असल्याचे सोंग रिंगच्या बाहेरही वठवले. या गुप्ततेला त्यांच्या बोलीत 'केफेब' म्हणतात. १९८४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दूरचित्रवाणीचे वार्ताहर जॉन स्टॉसेल यांनी, हे बनावट आहे असे मला वाटते, एवढेच एका पैलवानाला म्हटले. त्याने त्यांच्या दोन्ही कानांखाली अशा चपराका लगावल्या की ते खाली कोसळले. १९८७ साली न्यू जर्सीत पोलिसांनी एक मोटार अडवली. आत अमेरिकेचा झेंडा नाचवणारा नायक जिम डग्गन आणि त्याचा इराणी 'शत्रू' आयर्न शेख शेजारी शेजारी बसलेले! मोटारीत अमली पदार्थ सापडले, त्याहून मोठा गहजब वैरी एकत्र दिसल्याचा झाला. पुढे १९८९ साली खुद्द कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे कबूल केले की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. खेळांवरची सरकारी देखरेख आणि कर टळावेत, हा त्यामागचा हेतू. सत्य बोलले गेले, पण हिशेब करून. तरीही बोलले गेले, आणि त्या दिवसापासून निदान फसवणुकीचा आरोप संपला. आज तो खेळ पाहणारा आठवीतला मुलगाही सर्व जाणून असतो. आमच्या वर्गातील मुलाने ते सिद्धच केले.

फसवणूक नाही म्हणजे आदर द्यावाच, असे मात्र होत नाही. आदर कशाला द्यायचा, हे पाहण्यासाठी त्या माणसांच्या शरीराकडे पाहावे लागते.

निकाल ठरलेला असतो, पण पडणे ठरवून टळत नाही. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे मिक फोली हा मल्ल सोळा फूट उंचीच्या पिंजऱ्याच्या छतावरून खालच्या टेबलावर फेकला गेला. ते ठरलेले होते. नंतर तो पुन्हा वर चढला, तेव्हा छताची जाळी तुटून तो थेट रिंगमध्ये आदळला. ते तसे ठरलेले नव्हते. या दोहोंतला फरक त्याच्या हाडांना कोणी समजावून सांगावा? आणखी एक गोष्ट आम्हांला उशिरा उमगली. तालमीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करणे हे ध्येय असते. येथे प्रतिस्पर्ध्याला सांभाळणे हे कौशल्य असते. ज्याला उचलले आहे त्याची मान उचलणाऱ्याच्या हाती असते. वरून क्रोधाचा आविर्भाव आणि आत पूर्ण भरवसा. शिवाय रोज कोणीतरी हरायचे असते, तेही असे की समोरचा नवखा मोठा दिसावा. आपल्या पडण्याने दुसऱ्याला उभे करणे हे पुष्कळ धर्मगुरूंनाही साधत नाही, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो.

या सोंगाची एक किंमत मात्र भयंकर आहे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा चौतीस वर्षांचा कुस्तीगीर एका विनोदी महावीराच्या पोशाखात छतावरून दोराने खाली उतरायचा होता. दोराची कडी अवेळी सुटली आणि सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून तो रिंगवर कोसळला. तेव्हा समालोचक जिम रॉस यांना दूरचित्रवाणीवरून पुन्हापुन्हा सांगावे लागले की, हा कार्यक्रमाचा भाग नव्हे, हे खरेच घडले आहे. रोज खोटे पडणे दाखवणाऱ्याला खऱ्या मरणाच्या दिवशी शपथेवर सांगावे लागते! हार्टला रुग्णालयात नेले आणि कार्यक्रम पुढे सुरू झाला. तो गेल्याचे घरी पाहणाऱ्यांना सांगण्यात आले. त्या सभागृहात बसलेल्या हजारोंना सांगण्यात आले नाही. त्याच्या पत्नीने दावा लावला आणि २००० साली तो एक कोटी ऐंशी लाख डॉलरांवर मिटला. त्या रात्रीचा खेळ थांबवायला हवा होता, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. लिहिलेली संहिता होती, म्हणूनच ती फाडता आली असती.

'अहो, ते सगळे लिहिलेलेच असते' या सबबीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खऱ्या सामन्यात कोण हरला याचा दोष कोणावर येत नाही. लिहिलेल्या कुस्तीत प्रत्येक शिवी, प्रत्येक अपमान कोणीतरी विचारपूर्वक निवडलेला असतो. १९९१ साली आखाती युद्धाच्या काळात एका अमेरिकन पैलवानाला इराकचा पक्षपाती करून रिंगमध्ये उतरवले गेले, आणि खऱ्या युद्धात खरी माणसे मरत असताना त्या द्वेषावर तिकिटे विकली गेली. स्त्रियांना ज्या रीतीने तिथे पुष्कळ वर्षे मिरवले गेले त्याबद्दल या पानावर लिहिणेही नको. नटाला आम्ही आदर देऊ. लेखकाला आणि मालकाला मात्र जाब विचारू. संत थॉमस अक्वायनस यांनी नटांचा व्यवसाय मुळात पापमय नाही असे म्हटले आहे, कारण विरंगुळा ही माणसाची गरज आहे. पण निषिद्ध शब्द वा कृती नसावी आणि प्रसंगाचे भान सुटू नये, ही अटही त्यांनी घातली आहे. ती अट आम्ही त्या मुलाला सांगणार आहोत. पाहणे पाप नाही, पण काय पाहून टाळ्या वाजवल्या तेवढे ध्यानात ठेव.

मेक्सिकोतील आमच्या एका धर्मगुरुबंधूचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. फादर सेर्जिओ गुतिएरेझ बेनितेझ तरुणपणी अमली पदार्थांच्या आहारी गेले होते. त्यातून सुटून ते धर्मगुरू झाले. टेक्सकोको येथे त्यांनी अनाथ मुलांसाठी घर उघडले आणि ते चालवायला पैसा नाही म्हणून सोनेरी-तांबडा मुखवटा चढवून 'फ्राय तोर्मेंता' या नावाने ते कुस्तीच्या रिंगमध्ये उतरले. वीसहून अधिक वर्षे ते कुस्ती खेळले. पैसा अपेक्षेइतका मिळाला नाही, दुखापती भरपूर मिळाल्या. २००६ साली हॉलिवूडने त्या कथेच्या आधारे विनोदी चित्रपट काढला. त्या घरातल्या पोरांच्या ताटातली भाकरी ठरलेल्या कुस्तीची होती. पोरांची भूक काही कोणी लिहून ठेवलेली नव्हती.

वडील शेवटच्या वर्षांत अंथरुणाला खिळले होते. २००७ साली हिमाचलचा दलीपसिंग राणा 'ग्रेट खली' या नावाने जगज्जेता ठरला, तेव्हा आमचा पुतण्या त्यांच्या खोलीत दूरचित्रवाणी लावून बसे. आम्ही एकदा दाराशी उभे होतो. पडद्यावर कोणीतरी उंचावरून मॅटवर आदळला. "त्याला लागले का रे?" वडिलांनी विचारले. "नाही हो आजोबा, ते खोटे असते," पुतण्या म्हणाला. वडिलांनी आमच्याकडे पाहिले नाही. खाली पडलेला माणूस गुडघ्यांवर येऊन, दोर धरून उभा राहीपर्यंत ते पडद्याकडेच पाहत होते.