धुकं काढल्यावर

सॅन अँड्रियास हे राज्य साधारण ६ किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे. चर्चगेटला लोकल पकडली तर महालक्ष्मी येईपर्यंत त्याची एक बाजू संपते. एवढ्या चौकोनात तीन शहरं, वाळवंट, धरण, लष्कराचा गुप्त तळ, शेतं, जंगलं आणि माउंट चिलियड नावाचा डोंगर बसवलेला आहे. भोवतीचा समुद्रही त्यातच. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा गेम शाळा-कॉलेजच्या वयात खेळलेल्या कुणालाही हे माप सांगून बघा, तो ऐकून घेणार नाही. लॉस सँटोसहून सॅन फिएरो लांब होतं. दुपारी मोटारसायकलवर निघालं तर वाटेत अंधार पडायचा.

अंधार पडायचा हे खरंच आहे, आणि त्याचं कारण गेमच्या घड्याळात आहे. तिथलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. अख्खा दिवस २४ मिनिटांत उलटतो. चार मिनिटांच्या रस्त्याला तिथले चार तास लागतात. उन्हात शहर सोडायचं, फ्लिंट काउंटीच्या झाडीत उजेड तांबूस व्हायचा आणि पुढच्या शहराच्या वेशीवर पोचेपर्यंत गाड्यांचे दिवे लागलेले असायचे. सूर्य मावळला म्हणजे आपण बरंच आलो, असा हिशेब मन आपोआप करतं. गेम बनवणाऱ्यांना तो पक्का ठाऊक असावा.

रस्त्यांची लबाडीही तशीच. सरळ गेलं तर पटकन पोचाल, म्हणून मध्ये टेकडी, टेकडीला वळसा, वळशापलीकडे ओढा आणि पूल. पण खरी करामत धुक्याची. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या रॉकस्टार नॉर्थने हा गेम २००४मध्ये आणला तो प्लेस्टेशन २साठी. त्या यंत्राची मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेल्या आठ-दहा फोटोंनी ती भरून जाईल. अख्खं राज्य तिच्यात मावणं शक्यच नव्हतं. म्हणून गाडी पुढे जाईल तसा पुढचा तुकडा डिस्कवरून उचलायचा, मागचा टाकून द्यायचा, आणि जिथवर तुकडा आलेला नाही तिथली पोकळी धुक्यात लपवायची. लॉस सँटोसवर पिवळट धुरकं असतं. त्याचं मूळ असलेलं लॉस एंजेलिस धुरक्यासाठी बदनामच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. सॅन फिएरो हे सॅन फ्रान्सिस्कोवरून घेतलेलं, आणि तिथलं धुकं तर जगाला माहीत. यंत्राची अडचण हवामानाच्या खात्यावर टाकण्याची ही हुशारी मला आजही थक्क करते. २००५मध्ये गेम कॉम्प्युटरवर आला तेव्हा किती लांबवरचं दिसावं हे ठरवायची एक पट्टी सेटिंगमध्ये होती. आपल्याकडच्या सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरांची कुवत पाहता ती सहसा डाव्या टोकालाच असायची.

त्या धुक्यात लोकांनी काय काय पाहिलं! चिलियडच्या जंगलात बिगफूट आहे, ही अफवा इंटरनेट नीटसं नसलेल्या गावांपर्यंतही पोचली होती. कुणाच्या तरी मामेभावाने तो पाहिलेला असायचा. कंपनीने असं काही नसल्याचं सांगितलं, तरी शोध थांबले नाहीत. त्याच जंगलात आपोआप चालणाऱ्या गाड्या होत्या. चेपलेली, पत्रा उचकटलेली जुनी गाडी आत कुणी नसताना उतारावरून खाली घरंगळत यायची आणि झाडाला जाऊन आदळायची. पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. उलगडा साधा आहे: गाडी उभी करायची जागा कुणीतरी उतारावर ठरवली, तिला हँडब्रेक नाही, त्यामुळे खेळाडू जवळ आला आणि गाडी अवतरली की ती घसरायला लागते. भुताटकी म्हणून लाखोंनी जे पाहिलं ते कामातलं दुर्लक्ष होतं. पण स्वच्छ उजेडात, दोन किलोमीटरवरून दिसलं असतं, तर त्याला दुर्लक्षच म्हटलं असतं. धुक्यामुळे ते भूत झालं.

नोव्हेंबर २०२१मध्ये या गेमची नवी ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ निघाली आणि धुकं गेलं. आता यंत्रांना मेमरीची ददात नव्हती, मग लपवायचं कशाला? विमान घेऊन वर गेलं की तिन्ही शहरं एका नजरेत दिसायला लागली. इकडे गगनचुंबी इमारती, तिकडे कॅसिनो, मध्ये चिलियडचा उंचवटा. वाळवंट म्हणजे खेळायचं मैदान. सफाईच्या भरात आणखीही गमती झाल्या. सॅन फिएरोत ‘टफ नट डोनट्स’ नावाचं दुकान आहे. त्याच्या पाटीवरचं भलंमोठं डोनट मुळात नट-बोल्टमधल्या नटासारखं षटकोनी होतं, विनोद तोच होता. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे जुन्या काळच्या ओबडधोबडपणात जमा होऊन घासले गेले आणि नट गुळगुळीत गोल झालं. विनोद गेला, पाटी राहिली. एवढी टीका झाली की नोव्हेंबर २०२४च्या सुधारणेत जुन्या प्रकाशाचा आणि जुन्या आकाशाचा पर्याय परत द्यावा लागला.

लहानपणी सगळंच मोठं वाटतं, मोठेपणी लहान होतं, असं यावर कुणी म्हणेल. शाळेच्या मैदानाबाबत ते खरं असेल. इथे मला ते पुरत नाही. कारण मी दोन्ही आवृत्त्या आत्ताच्या वयात, लागोपाठ खेळलो. नव्या आवृत्तीत राज्य आखडलेलं होतं आणि जुनी लावली की अंतरं परत आली. डोळे तेच, वय तेच. तेव्हा ती भव्यता आमच्या बालबुद्धीत नव्हती, ती बनवलेली वस्तू होती. कारागिरांनी हातातल्या तुटपुंज्या सामानातून घडवलेली. जास्त दिसणं म्हणजे जास्त मिळणं, या समजुतीवर हल्लीचे निम्मे गेम उभे आहेत. नकाशे दसपट झाले, प्रत्येक कोपऱ्यावर खुणेचा ठिपका आला, आणि वाट चुकायची सोय तेवढी राहिली नाही.

नकाशापेक्षा वेगळाच धक्का मला गोष्टीने दिला. खरं तर या गेमला गोष्ट आहे हेच आमच्यातल्या अनेकांना धड माहीत नव्हतं. अमेरिकन रस्त्यावरची इंग्रजी, कॅफेत फुटका हेडफोन किंवा तोही नाही, आणि तासाचे पैसे मोजलेले. संवाद सुरू झाला की बटण दाबून उडवायचा. त्याऐवजी ‘हेसोयाम’ पाठ होतं: ही अक्षरं टाइप केली की तब्येत ठणठणीत, अंगावर चिलखत आणि खिशात अडीच लाख डॉलर. आता सावकाश, संवाद ऐकत खेळताना कळतं की ही परत आलेल्या माणसाची गोष्ट आहे. साल १९९२. कार्ल जॉन्सन, म्हणजे सीजे, पाच वर्षं लिबर्टी सिटीत राहून आईच्या मरणाची खबर ऐकून घरी येतो. विमानतळावरून टॅक्सीने निघतो तोच पोलीस त्याला अडवतात, पैसे काढून घेतात, स्वतःच केलेला एका पोलिसाचा खून त्याच्या माथी मारायची धमकी देतात आणि शत्रूच्या वस्तीत सोडून देतात. आम्ही हे सगळं उडवून थेट सायकलवर बसत होतो! कबरीपाशी भाऊ स्वीट त्याला सुनावतो ते मायेने नव्हे, तू पळून गेलास म्हणून. आणि पुढे सीजे कॅसिनोत भागीदार होतो, पैशात लोळतो, तेव्हा तुरुंगातून सुटलेला स्वीट ते वैभव झिडकारून त्याला पुन्हा मोडक्या गल्लीत, ग्रोव्ह स्ट्रीटवर न्यायला लावतो. गाव सोडून पुण्यात किंवा न्यू जर्सीत स्थिरावलेल्याला हा प्रसंग पंधराव्या वर्षी काही सांगत नाही. चाळिशीत सांगतो.

सीजेला अडवणाऱ्या पोलिसांचा म्होरक्या टेनपेनी ज्या तुकडीत काम करतो त्या ‘क्रॅश’चं नावही काल्पनिक नाही. लॉस एंजेलिस पोलिसांत टोळ्यांविरुद्ध याच नावाची तुकडी होती. रॅम्पार्ट भागातल्या तिच्या माणसांची गैरकृत्यं उघडकीस आल्यावर २०००मध्ये ती बरखास्त झाली. गेमच्या शेवटी टेनपेनी खटल्यातून सुटतो आणि शहर पेटतं. एप्रिल १९९२मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीयाला मारहाण करणारे पोलीस सुटले तेव्हा लॉस एंजेलिस असंच पेटलं होतं, साठाहून अधिक माणसं मेली होती. आमच्यासाठी तो भाग म्हणजे रस्त्यावर फुकट मिळणारी पळापळ. ज्या गेमला पालक ‘नुसती मारामारी’ म्हणायचे त्यात एवढा ताजा, कडू इतिहास भरलेला होता.

पालक अगदीच चुकीचे होते असंही मी म्हणणार नाही. बायकांना या गेमने दिलेली वागणूक आज पाहवत नाही. सीजेच्या बहिणीचा, केंडलचा अपवाद वगळला तर त्या बहुतेक बक्षीस तरी आहेत किंवा विनोद तरी. टोळ्यांचं चित्रही एडिनबरोत बसलेल्या मंडळींनी बरंचसं हॉलिवूडच्या सिनेमांतून उचललेलं. लेखकांत डीजे पू होता, ‘फ्रायडे’ या चित्रपटाच्या लेखनात ज्याचा वाटा होता, आणि संवादांना जिवंतपणा आहे त्यात त्याचा हात असणार असं मला वाटतं. तरीही ज्या माणसांची ही गोष्ट आहे त्यांच्यातल्या फार थोड्यांनी ती लिहिली, हे जाणवत राहतं. रेल्वेच्या डब्यांवरच्या माणसांना गोळ्या घालायचं ते कुप्रसिद्ध मिशन मात्र तेव्हाही रटाळ होतं आणि आजही आहे. त्याला वयाचं काही देणंघेणं नाही.

आता अडचण अशी की परत जायचं म्हटलं तरी मूळ जागा सहज मिळत नाही. गेममधल्या रेडिओवरच्या काही गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपली म्हणून २०१४मध्ये ती विक्रीच्या डिजिटल प्रतीतून काढली गेली. २०२१मध्ये नवी आवृत्ती यायच्या आधी जुनी ऑनलाइन दुकानांतून उतरवली होती. आरडाओरडा झाल्यावर कॉम्प्युटरची आवृत्ती कंपनीने स्वतःच्या दुकानात परत ठेवली. धुकं, गाणी आणि षटकोनी नट तिन्ही शाबूत असलेली प्रत शोधायची तर २००४-०५च्या मूळ डिस्कपाशीच जावं लागतं. तुमच्या घरच्या माळ्यावर तशी डिस्क असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याला देऊ नका.