सही आणि संमती

पेण येथे सुहित जीवन ट्रस्टने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी शाळा उभी केली, हे त्या परिसराचे भाग्यच म्हणावे लागेल. मात्र शाळा जवळ आली तरी तिची भाषा जवळ येतेच असे नाही, आणि हा प्रश्न कोठल्याही विशेष शाळेचा आहे.

समजा, रोह्याची एक आई धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील दिवसाची मजुरी बुडवून मुलाच्या शाळेत आली आहे. तिच्यापुढे मुलाचा वर्षभराचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा ठेवला जातो. त्यात 'सूक्ष्म कारक कौशल्यांचा विकास' असे शब्द आहेत. ती मान डोलावते, दाखवलेल्या जागी सही करते. या सहीला संमती म्हणावे काय?

अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने असा आराखडा बंधनकारक केला, तेव्हाच तो ठरवणाऱ्या बैठकीत पालकांनाही स्थान दिले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण जे समजलेच नाही, त्यात पसंती कसली?

कोणी म्हणेल, डॉक्टरांची चिठ्ठी तरी रोग्याला कोठे वाचता येते? तज्ज्ञांवर विश्वास ठेवावा. विश्वास हवाच, परंतु गोळी पोटात गेल्यावर आपले काम आपण करते. आराखड्याचे तसे नाही. शाळेतले काही तास सोडले, तर मूल घरीच असते. त्या कठीण शब्दांचा अर्थ 'सदऱ्याची बटणे स्वतः लावणे' एवढाच आहे, हे आईला कळले नाही, तर घाईच्या सकाळी ती प्रेमापोटी बटणे स्वतःच लावून देईल. शिवाय मूल कशाला भिते, कशाने हरखते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असते? तिला न विचारता केलेला आराखडा अपुराच राहतो.

म्हणून सही घेण्यापूर्वी शिक्षिकेने एवढेच विचारावे, "ताई, यातले घरी काय करायचे, ते तुमच्या शब्दांत सांगता का?" उत्तर अडखळले, तर दोष आईचा मानू नये, पुन्हा, अधिक सोपे करून सांगावे. त्यात अर्धा तास जाईल. मुलाचे वर्ष मात्र वाया जाणार नाही.