स्थावर अण्णा भाऊ, जंगम अण्णा भाऊ

नाटककाराच्या माघारी त्याचे नेमके काय जपायचे, हा प्रश्न आपण सहसा नगरपालिकेच्या ठरावावर सोडून देतो. पुतळा, चौकाचे नाव, सभागृहाची पाटी, जयंतीची मिरवणूक, एवढ्यावर तो मिटतो. पण हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे आणि आपल्या भागाच्या उंबरठ्यावरच त्याचा विचार होऊन गेला आहे. लातूरच्या सीमेपलीकडच्या कल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी स्थावर आणि जंगम असा भेद केला. दगडाचे देऊळ श्रीमंत बांधतो आणि काळ ते पाडतो. देव जिथे चालत्याबोलत्या माणसात राहतो तिथे काळाचा हात पोचत नाही, हा त्या विचाराचा गाभा. लोहा, अहमदपूर, उदगीरच्या लिंगायत घरांना तो परका नाही. माझे म्हणणे एवढेच की नाटककाराचा वारसा हा जातीनेच जंगम असतो. तो वाहून नेणारी माणसे, म्हणजे त्याच्या नावाने उभी राहिलेली मंडळी किंवा फड, नसेल तर बाकी सारे जपूनही तो जपला जात नाही.

अण्णा भाऊ साठे यांचेच घ्या. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला जन्मलेला, १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत गेलेला हा माणूस आज नांदेड-लातूरच्या गावागावांत आहे. १ ऑगस्टला त्यांच्या जयंतीचे ढोल वाजतात. २००२ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. ज्या मातंग समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यातल्या लेखकापुढे गावाने मान लववावी यात न्याय आहे, आणि त्या न्यायाला मी तसूभरही कमी लेखत नाही. पण पूजा चेहऱ्याची होते. हा चेहरा ज्याचा, तो ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ लिहिणारा वगकार होता. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ मध्ये उभारलेल्या लाल बावटा कलापथकाचा तो प्राण होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा तोच ऐवज लोकनाट्य म्हणून पुन्हा लोकांपुढे आला. पथक कामगार चळवळीबरोबर वाढले आणि चळवळ ओसरली तसे विखुरले. कादंबरीकार अण्णा भाऊंना हे चालून गेले, कारण ‘फकिरा’ कुणीही घरी बसून वाचू शकतो. वगाचे तसे नसते. सोंगाड्या प्रेक्षकांचा अंदाज घेऊन वाक्य लांबवतो, तोडतो, त्यात कालच्या बाजारातली बातमी घालतो. ढोलकीवाला त्याला जागा देतो. छापलेला वग म्हणजे या सगळ्याची निम्मीच बाजू. म्हणून पुतळे वाढत गेले आणि वग उभा राहताना क्वचितच दिसतो.

याच्या उलट उदाहरण अण्णासाहेब किर्लोस्करांचे. १८८० मध्ये ‘शाकुंतल’, १८८२ मध्ये ‘सौभद्र’, आणि १८८५ मध्ये वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. तिसरे संगीत नाटक ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. पाच वर्षांची ही कारकीर्द विस्मरणात जायला वेळ लागला नसता. पण मागे मंडळी होती. भाऊराव कोल्हटकरांनी गाणे पुढे नेले. किर्लोस्करांच्या तालमीत घडलेल्या गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ याच मंडळीने १८९९ मध्ये रंगभूमीवर आणले. १९०५ मध्ये बालगंधर्व आले. १९११ मध्ये खाडिलकरांचे ‘मानापमान’ झाले. १९१३ मध्ये मंडळी फुटली तीसुद्धा वांझ फूट नव्हती, तिच्यातून गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘सौभद्र’ आजही गायले जाते, कारण ते एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात उतरत आले. आणि ज्या मंडळीने मूळ पुरुषाची नाटके सांभाळली, तिनेच त्याच्यापेक्षा वेगळे लिहिणाऱ्यांना दार उघडले. ही दोन कामे तिने वेगळी मानली नाहीत, यातच तिचे शहाणपण आहे.

यावर सर्वांत भारी आक्षेप नांदेडमध्येच उभा आहे. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा इथे थांबवली आणि ग्रंथालाच गुरुपद दिले. परंपरा जर ग्रंथावर उभी राहू शकते, तर नाटककाराला समग्र वाङ्मयाचा खंड का पुरू नये? पण गोदाकाठच्या गुरुद्वाऱ्यात ग्रंथाचे काय होते ते पाहा. रोज पहाटे त्याचा प्रकाश होतो, म्हणजे तो उघडून मांडला जातो, आणि रात्री सुखासन, म्हणजे तो मिटून विश्रांतीला ठेवला जातो. पाठ चालतो, रागी कीर्तन गातात, संगत ऐकते. तो ग्रंथ कपाटात नाही. त्याच्याभोवती माणसांचा अखंड समुदाय आहे, म्हणूनच तो गुरू आहे. हा दाखला माझ्या म्हणण्याच्या विरोधात वाटतो खरा, प्रत्यक्षात त्याच्यासारखा पुरावा दुसरा नाही.

दुसरा आक्षेप असा की एकाच माणसाला वाहिलेली मंडळी पुढे मठ होते. तिथे शब्द बदलणे पाप ठरते आणि व्यक्तिपूजा पुतळ्यावरून रंगमंचावर येते. भीती खरी आहे. तिला उत्तर मात्र अण्णा भाऊंनीच देऊन ठेवले आहे. तमाशा गणाने सुरू होतो, गणेशाला वंदन करतो, मग गौळण. अण्णा भाऊंनी गणपतीच्या जागी मायभूमीला आणि तिच्यासाठी झिजलेल्यांना वंदन आणले, गौळण वगळली, आणि तरीही लोकांनी त्याला आपलाच तमाशा म्हटले. ज्याने वारसा असा हाताळला त्याचा वारसा अक्षर न अक्षर गोठवणारी मंडळी त्याच्याशीच प्रतारणा करील. वगातला सावकार आज कोणत्या कपड्यात येतो हे तिला शोधावेच लागेल. मर्यादा एकच पाळायची: कुणाच्या बाजूने हसायचे आणि कुणाला हसायचे, ही बाजू बदलता कामा नये. ती बदलली की नाव अण्णा भाऊंचे असले तरी वग त्यांचा उरत नाही.

राहिला व्यवहार. मंडळी चालवायला पैसा आणि प्रेक्षक लागतो, आणि लोह्यासारख्या ठिकाणी तो कुठून यावा, असे विचारले जाते. लोहा तालुक्यातच माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची यात्रा भरते. वाघ्या-मुरळी, जागरण, घोडे-गाढवांचा बाजार आणि तमाशाच्या फडांचे तंबू, सारे एका माळावर. गेलेल्या कलावंताच्या नावाने फड चालवणे तमाशाला नवे नाही. विठाबाई नारायणगावकर २००२ मध्ये गेल्या, तरी त्यांच्या नावाचा फड गावोगाव फिरत राहिला. अण्णा भाऊंच्या नावाने असा फड निघाला तर त्याला माळेगावचा माळ पहिल्या दिवशीच प्रेक्षक देईल. जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा त्याच्या ढोलकीला, कापडाला, तालमीच्या भाकरीला लागावा. आणि तो एका जातीचा फड नसावा. लाल बावट्यात वाटेगावचा मातंग आणि बार्शीचा मुसलमान एकाच फळीवर उभे राहून गात होते. नव्या फडातली पोरे निवडताना आडनाव न विचारता आवाज ऐकावा, आणि पहिल्या खेळाला ‘अकलेची गोष्ट’ लावावी.