करोडगिरीचा नाका

देऊळगाव राजाहून जालन्याला निघाले की वाटेत जिल्हा बदलतो. आज त्याची दखल कुणी घेत नाही. 1948 पर्यंत मात्र ही दोन राज्यांची सरहद्द होती. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले, तेव्हा सिंदखेडराजा, मेहकर, लोणार अलीकडे राहिले, जालना आणि जाफराबाद पलीकडे. पलीकडे हाली सिक्का चाले, मालावर करोडगिरी भरावी लागे. 1919 नंतर सरकारी नोकरीसाठी माणूस मुलकी की गैरमुलकी हे पाहिले जाई, आणि बाहेरून आलेल्याला मुलकी ठरायला 15 वर्षांची वस्ती लागे. बोली एक, सोयरिकी दोन्हीकडच्या. परके ठरवले ते तहाने.

1938-39 च्या निजामविरोधी सत्याग्रहात बाहेरून हद्दीत शिरणाऱ्यांना निजाम सरकारने तुरुंगात टाकले. आपल्या राज्यात कोण येईल हे आम्ही ठरवू, हाच त्यामागचा दावा. दहा वर्षांनी रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातली कुटुंबे हीच रेघ ओलांडून वऱ्हाडात आली. त्यांना परत लोटले असते, तर त्या दाव्याला आपण काय नाव दिले असते?

सरहद्दीवर माणूस अडवण्याचा सरकारचा अधिकार मला मान्य आहे. आत कोण आहे हे ज्याला ठाऊक नाही, ते सरकार रेशनही नीट देऊ शकत नाही, संरक्षण तर दूरच. पण ही रेघ माणसांनी आखलेली आहे, म्हणून ती राखणाऱ्यानेही जाब दिला पाहिजे.

संविधानाच्या कलम 19 ने देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला, म्हणून चिखलीचा मजूर सुरतेला कुणाच्या परवान्यावाचून जातो. हा हक्क नागरिकाचा. परकीयाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये हान्स म्युलर खटल्यात म्हटले. 1937 पासून इथे राहिलेल्या बेल्जियन धर्मोपदेशकालाही 1991 मध्ये न्यायालयाने मुक्कामाचा हक्क नाकारला. मात्र जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या रक्षणाचे कलम 21 परकीयालाही लागू आहे, हे त्याच निकालात मान्य केले. 1996 मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना याच कलमाने आधार दिला: त्यांना जमावाच्या धाकाने हुसकू देऊ नका, असे न्यायालयाने राज्य सरकारला बजावले.

2025 च्या इमिग्रेशन व परकीय नागरिक कायद्याने 1946 चा जुना कायदा गेला. नव्या कायद्यात प्रवेश नाकारण्याबाबत इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम ठरवला आहे. माझा विरोध नेमका इथे आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावरच्या फेरफाराची नोंद चुकली तरी प्रांताकडे अपील करता येते. जीव वाचवायला आलेल्या माणसाच्या बाबतीत एका टेबलावरचा शब्द शेवटचा का असावा? नकाराचे कारण लेखी द्यावे, आणि ते वरच्या कुणीतरी निदान एकदा तपासावे, एवढी तरतूद या कायद्यात हवी.