हरकत आणि नियत

मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभात 'पॉन्स' नावाचा भाग असतो. त्याच्या पुढच्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, तर हातपाय, चेहरा, जीभ सारे लुळे पडते; जाण मात्र शाबूत राहू शकते. प्लम आणि पोस्नर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६६ साली या अवस्थेला 'लॉक्ड-इन' असे नाव दिले. माणसाच्या ताब्यात उरते ते बहुधा पापणी मिटणे आणि डोळे वर-खाली करणे, एवढेच.

तरीही हा देह निश्चल नसतो. सांगून न उघडणारा जबडा जांभई येताच उघडतो. क्वचित जांभईबरोबर लुळा हातही उचलला जातो. तळव्याला स्पर्श होताच पाय आखडतो. कधी अकारण हसू फुटते, कधी रडू कोसळते. इच्छेचा हुकूम पोहोचवणारी वाट तुटलेली असते. खालची यंत्रणा मात्र आपल्या परीने चालू असते, आणि तिला आवरणारा वरचा लगाम सुटलेला असतो.

इथे आपल्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. कृतीची किंमत आपण नियतीवरून नव्हे, नियतवरून ठरवतो. पण इथे नियत आहे, तिला हरकत नाही. हरकत आहे, तिच्यामागे नियत असेलच असे नाही. मग ते अश्रू कोणाचे?

उशाशी बसलेली माणसे अश्रू पाहून म्हणतात, 'याला आता जगायचे नाही.' दुसरीकडे, सगळे आपोआपच होते असे एकदा ठरले, की खरीखुरी हाकही झटका म्हणून दुर्लक्षिली जाते. पहिल्यात आपण आपले दुःख त्याच्या तोंडी घालतो, दुसऱ्यात त्याचे माणूसपणच नाकारतो.

यातून वाट एकच: विचारणे. डिसेंबर १९९५ मध्ये 'एल' या फ्रेंच नियतकालिकाचे संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांना असाच झटका आला. समोरच्याने अक्षरे म्हणायची, हवे ते अक्षर आले की त्यांनी डावी पापणी मिटायची. अशा रीतीने त्यांनी लिहिलेले पुस्तक १९९७ साली निघाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय पाहणीत अशा ६५ जणांपैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचे कळवले, १८ जणांनी दुःखी असल्याचे. दोन्ही उत्तरे खरी आहेत, कारण ती ज्याची त्याने दिली आहेत.

म्हणून अश्रू दिसले तर पुसावेत. पण त्यांचा अर्थ लावण्याआधी त्या डोळ्यांनाच विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.