पाइपचा शौक आणि संयम



पाइप ओढणे पाप आहे का? इ. स. १६४२ मध्ये पोप आठवे उर्बन यांनी सेव्हिल धर्मप्रांतातील चर्चमध्ये तंबाखू सेवन करणाऱ्यांना बहिष्काराची ताकीद दिली होती. ती पवित्र स्थळाचा मान राखण्यासाठी होती. १९९२ चा कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ (परि. २२९०) तंबाखूला अन्न व मद्याच्या पंक्तीत बसवतो आणि अतिरेक टाळायला सांगतो.

मग अतिरेक कुठे सुरू होतो? ब्रायरच्या लाकडाचा पाइप ओढल्यावर आतून ओलसर होतो. वाळण्यासाठी त्याला विसावा द्यावा लागतो. म्हणून शौकिनाला एकाऐवजी चार पाइप लागतात. हे रास्त आहे. पण चाराचे चाळीस होतात, व्हर्जिनिया, लटाकिया, पेरिक यांच्या मिश्रणांचे डबे वर्षानुवर्षे मुरत ठेवले जातात, तेव्हा गरज मागे पडते व हव्यास पुढे येतो. लूकच्या शुभवर्तमानातील धनवानालाही कोठारे अपुरीच वाटत होती.

पाइप सावकाश ओढावा लागतो. त्या संथपणात काहींना मनन साधते. ते सुख खोटे नाही. परंतु धूर छातीत न घेताही तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, आणि शेजारी बसलेल्या नातवंडाने तो धूर मागितलेला नसतो.

तेव्हा शौकिनाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या सुखाची किंमत कोण मोजतो? आणि मी हे सोडू शकतो का? दुसऱ्याचे उत्तर हवे असेल तर प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस डबा बंद ठेवून पाहावा.